ओरडायची परवानगी

ता. २ सप्टेंबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं वाक्य अर्ध्यावर आलं की तुझी शिट्टी वाजते. कागदावर तुला शिट्टी मारता येत नाही, म्हणून यापुढे कागद.

बातमी अशी, की आमच्या शाळेचे खेळाचे मास्तर नोकरी सोडून व्यायामाची यंत्रं विकायला गेले आणि मुख्याध्यापिकाबाईंनी सातवी-आठवीची फुटबॉल टीम माझ्या गळ्यात मारली. का, तर ग्रंथपालाला काम नसतं. हे त्यांनी मला ग्रंथालयात उभं राहून सांगितलं, मी फाटक्या पुस्तकांच्या पाठीला पट्ट्या चिकटवत असताना. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! मी सरळ नाही म्हणणार होते. पण बाई पुढे म्हणाल्या, की कोणी टीम घेतली नाही तर ती बंद करू आणि मैदानावर शिक्षकांच्या गाड्या लावायची सोय करू. त्यातली पहिली गाडी कोणाची असेल हे सांगायला नको. मग मी हो म्हणाले. फुटबॉलच्या प्रेमापोटी नव्हे, त्यांच्या गाडीच्या रागापोटी.

या खेळाबद्दल माझं मत तुला लहानपणापासून माहीत आहे. एका चेंडूसाठी सगळ्यांनी जिवाच्या आकांतानं पळायचं, आणि तो मिळाला की लगेच लाथ मारून घालवायचा. तू तिकडे खेळाचा मास्तर होऊन यात आयुष्य काढलंस, तेव्हा फार डोकं लागत नसणार. तरीही विचारते, कारण तुला हे एकच काम येतं. पहिल्या दिवशी पोरांचं करायचं काय?

तुझी लेक बरी आहे. मागच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल लावून दिलं आहे. जेवते, शाळेत जाते, वाचते, काही विचारलं तर मान हलवते. बोलत मात्र नाही. याच पोरीनं गेल्या सुट्टीत बडबडून माझे कान किटवले होते, म्हणून तर आपण तिला लवंगी म्हणतो. इथली शाळा बरी म्हणून पाठवली, असं तू सांगितलंस. ते मी ऐकून घेतलं, खरं मानलं नाही. काय झालं ते लिही.

लोभ आहेच. तो वाढव असं म्हणत नाही, आहे तेवढा सांभाळ.

तुझी ताई

ता. ८ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र स्टाफरूममध्ये उघडलं आणि एवढा हसलो, की चित्रकलेच्या बाईंनी पाणी आणून दिलं. ग्रंथपाल आणि कोच! उद्या दाढा उपटायला सुताराला बोलवा. तुझ्या पोरांना चेंडू दिलास तर आधी त्यावर शिक्का मारशील आणि पंधरवड्यात परत करा म्हणून बजावशील.

विचारलंस म्हणून सांगतो. पहिल्या दिवशी निवड. जो येईल त्याला सरावाची पिवळी बंडी द्यायची, दमेपर्यंत पळवायचं, खेळवायचं. मग सगळ्यांना ओळीनं उभं करायचं आणि जो नको असेल त्याच्यापुढे जाऊन नुसता हात करायचा. त्यानं अंगातली बंडी काढून हातात द्यायची आणि घरी जायचं. नंतर फळ्यावर नावं लावणं नाही, कानात गोड बोलणं नाही. सगळ्यांसमोर, एकदाच. रडणारे रडतात. जे उरतात ते पुन्हा कशालाही रडत नाहीत. म्हणून वर्षानुवर्षं ढाल आमच्या कपाटात आहे आणि तुमच्या कपाटात झुरळं.

आता लवंगीचं. लपवण्यासारखं काही नाही. या वर्षी निवडीला तीही आली होती. मैदानावर मी बाप नाही, मला सर म्हणायचं, हे तिला मी पहिल्या दिवसापासून शिकवलं आहे. पळते बरी, पण चेंडू अंगावर आला की डोळे मिटून घेते. अशा पोराला मी ठेवत नाही, मग पोरीला कसं ठेवणार? शेवटी तिच्यापुढेही हात केला. तिनं बंडी काढली, नीट घडी घातली, थँक्यू सर म्हणाली आणि दिली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी साऱ्या शाळेसमोर सांगितलं, की न्याय शिकायचा तर यांच्याकडून शिका, यांनी पोटच्या पोरीचीही गय केली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या संध्याकाळी ती आत्याकडे राहून शिकते म्हणाली. मुलं रुसतात, मुलं विसरतात. महिन्याभरात परत येईल.

तिला तुझ्या त्या टीममध्ये घेऊ नकोस. सामन्यांची यादी आली आहे आणि मोसमाचा पहिलाच सामना तुमचा आमचा, तुमच्या मैदानावर आहे. दयामाया मागू नकोस, ती आमच्याकडे शिल्लक नसते.

घरी सगळं ठीक. तुझी माया मला न मागता मिळत आली आहे, तशीच पुढेही मिळावी.

तुझा धाकटा

ता. १६ सप्टेंबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद, यावेळी जरा हात आखडून.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी ते टेबलावर पालथं ठेवलं. वर ठेवायची लाज वाटली. न्याय म्हणे! तुला न्यायाशी काय देणंघेणं? लोक म्हणतील मास्तरनं पोरीला वशिल्यानं घेतलं, या भीतीनं तुझी पाचावर धारण बसली, आणि त्या भीतीला तू न्यायाचा सदरा घातलास. बाकीच्या पोरांसमोर फक्त हात केलास. तिच्यासमोर हात करताना मात्र आजूबाजूला बघितलं असशील, कोण कोण पाहतंय म्हणून. तुला मी अंगाखांद्यावर खेळवलं आहे, मला सांगू नकोस. आणि दुसऱ्या दिवशीच्या त्या टाळ्या. त्या वेळी ती रांगेत उभी असणार. सगळे वाजवताहेत म्हणून तिनंही वाजवल्या का, हे तरी पाहिलंस का?

घरी ठीक आहे म्हणतोस. माझ्या भावजयीचा परवा दवाखान्यातून फोन आला होता, रुग्णांची औषधं वाटून झाल्यावर. ती म्हणाली, घर इतकं ठीक झालं आहे की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येतो.

असो. तुझा सल्ला घेतला आणि बरोबर उलटं केलं. निवड केलीच नाही. ग्रंथालयात येणाऱ्याला मी हाकलत नाही, मैदानावर का हाकलू? जो आला त्याला घेतलं. एकाला चष्म्याशिवाय गोल दिसत नाही. दोन बहिणी एकमेकींशीच चेंडू खेळतात, तिसऱ्याला देतच नाहीत. एक जाडा आहे, तो धावत नाही, पण जिथे उभा राहतो तिथून त्याला हलवणं कोणाच्या बापाला जमत नाही. त्याला मागे ठेवला आहे.

आता हस. पहिल्याच दिवशी मी नियम केला की मैदानावर कोणी ओरडायचं नाही. तीस वर्षं शांतता राखा या पाटीखाली बसल्यावर माणसाचं असंच होतं. मला वाटलं, डोळे आहेत ना, बघून खेळतील. तर एकच चेंडू घ्यायला दोघं दोन बाजूंनी शांतपणे धावत आले आणि त्यांची डोकी नारळासारखी आपटली. दोघांनाही टेंगूळ आलं. आपटल्यावरही दोघं तोंड दाबून रडले, नियम म्हणजे नियम! पालक नावाची जमात कुंपणाशी घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली असतेच. एक बाप, ज्याला जिन्याच्या चार पायऱ्या चढल्यावर धाप लागते, तो मला खेळातली गती समजावायला आला. मी त्यालाही तोंडावर बोट ठेवून गप्प केला.

पण टेंगळं खोटी नव्हती. म्हणून नियम थोडा सैल केला. एकानंच ओरडायचं, ज्याला मागून सगळं मैदान दिसतं त्यानं. म्हणजे गोलकीपरनं. आता गोलमध्ये उभं राहायला कोणी तयार होईना, सगळ्यांना गोल मारायचे आहेत. तेवढ्यात मागून एक हात वर आला. मी उभी राहते, असं कोणीतरी म्हणालं. भाऊ, मला आवाज ओळखू आला नाही. इतक्या दिवसांत ऐकलाच नव्हता.

तुझी लेक गोलमध्ये आहे. पहिले दोन दिवस पुटपुटत होती. काल तिनं त्या जाड्याला मागे ये म्हणून जी आरोळी ठोकली, ती ऐकून ग्रंथालयाच्या खिडकीवरची कबुतरं उडाली. घरी आल्यावर जेवताना बोलत होती. काय बोलत होती विचारू नकोस, निम्मं मला कळलं नाही, सगळं फुटबॉलचं होतं. मी मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतलं, उठावंसंच वाटेना.

आशीर्वाद आहेतच. तुला ते नेहमी पुरून उरले आहेत, या वेळी पुरवून वापर.

तुझी ताई

ता. २० सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला वेड लागलं आहे का? दुसरं कुठेही ठेव तिला. त्या जाड्याच्या पाठीमागे उभी कर, दिसणार नाही. पण गोलमध्ये नको. जिला चेंडूची भीती वाटते तिला चेंडूच्या समोर उभी करतेस? उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं उचललं पोर आणि लावलं गोलला! गोलकीपर म्हणजे तुझ्या ग्रंथालयातली सूचना देणारी पाटी नव्हे.

तू माझी पोरं पाहिलेली नाहीस. ती दया करत नाहीत, कारण मीच त्यांना तसं केलं आहे. समोर कोण आहे ते बघायचं नाही, हे त्यांना पहिलं शिकवलं जातं. माझा कॅप्टन लांबून मारतो, आणि तोंडाच्या उंचीवर मारतो. तिचा बाप पलीकडच्या रेषेवर उभा असणार आणि ती सगळ्यांसमोर एकामागून एक गोल खात राहणार. तुला हेच बघायचं आहे का? मला धडा शिकवायला तू तिला पुढे करते आहेस, एवढं मला कळतं. तुझा राग माझ्यावर काढ, मी सवयीचा आहे.

एखादं उंच पोर बघ. हवं तर मी रविवारी येऊन तुला निवडून देतो, दोन्ही शाळांना न सांगता. यापेक्षा जास्त मी काय करू?

माझ्यावरची माया राहू दे बाजूला, जरा अकलेला लोभ लाव.

तुझा धाकटा

ता. २३ सप्टेंबर

चि. भाऊस,
आशीर्वाद.

चोरून येऊन माझी टीम निवडून देणार? समोरच्या टीमचा कोच? कुठे गेला तुझा न्याय, फिरायला? पोरगी समोर उभी राहणार म्हटल्यावर नियम वाकवायला तू रविवारची गाडी पकडून यायला तयार आहेस. हेच त्या दिवशी, बंडी मागताना, नुसतं मनात जरी आणलं असतंस तरी पुरे होतं.

तुला धडा शिकवायला मी तिला पुढे केलेली नाही. एवढं महत्त्व तुला कोणी देत नाही. हात तिनं वर केला. मी तिला तुझं म्हणणं सांगितलं, की तिला काढा म्हणतोस. ती म्हणाली की आत्या, तू हात पुढे केलास तर मी हातमोजे देईन. मी हात मागे बांधले.

ती उभी राहील. तू तुझ्या रेषेवर उभा राहा.

तुझी ताई

ता. ४ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सामना संपल्यावर तुझ्याशी न बोलता बसमध्ये चढलो, त्याचा राग धरू नकोस. बोलण्यासारखं तोंड नव्हतं, जिंकल्यावरही.

सहा-शून्य. मी सांगितलं होतं तसंच झालं, यात मला समाधान वाटायला हवं. तुझी टीम म्हणजे टीम नव्हे, बसथांबा आहे. जो तो आपली बस येईपर्यंत उभा! चष्मेवाला एकदा रेफ्रीलाच पास देऊन मोकळा झाला. त्या बहिणींनी मात्र आमच्या मधल्या पोरांना चांगलंच नाचवलं, ते मान्य करतो. आणि जाडा खरंच हलत नाही.

लवंगीबद्दल मी जे म्हणालो होतो त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही. बंडी मागितली ते बरोबरच होतं, तिला खेळता येत नाही हे सगळ्यांनी पाहिलं. सहाही गोलांना तिचे डोळे मिटलेले होते. माझी नजर तिच्यावरून क्षणभरही हलली नाही, म्हणून सांगतो.

पण ताई, गोल खाल्लेल्या पोरांना मी ओळखतो. एक जाळीला लाथ मारतं, दुसरं बचावातल्या पोरावर खेकसतं, तिसरं नाक पुसत जमिनीकडे बघतं. ही प्रत्येक वेळी वळायची, जाळीतून चेंडू काढायची, मधल्या पोराकडे फेकायची आणि पुन्हा आरोळी, डावीकडे कोण आहे, मागे या, उभे राहा. जणू काही झालंच नाही. सगळं मैदान गप्प, एकटीचा आवाज. तुमच्या त्या खुर्चीवाल्या पालकांनासुद्धा तू मुकं केलं आहेस. चौथ्या गोलापासून माझी पोरंही गोल झाल्यावर ओरडेनाशी झाली, माझ्याकडे बघायला लागली. पाचव्यानंतर कॅप्टन रेषेशी आला आणि हळूच म्हणाला, की सर, आता बस करायचं का? मी काय सांगायचं होतं? बस म्हणालो तर पोरीसाठी म्हणालो असं होणार. मी खेळा म्हणालो. तो गेला आणि त्यानं सहावा मारला. चांगला मारला, वरच्या कोपऱ्यात.

शेवटी दोन्ही टीम ओळीनं हात मिळवतात, तेव्हा ती माझ्यासमोर आली. हातमोजा काढला, हात पुढे केला आणि थँक्यू सर म्हणाली. सगळ्याच कोचांना मुलं म्हणतात. मीच शिकवलेलं आहे. बसमध्ये पोरं गाणी म्हणत होती, त्यांना मी गप्प बसवलं.

घरी आलो तर हिनं फक्त एक विचारलं, की लेक कशी दिसत होती. मी म्हणालो, ओरडत होती. ती म्हणाली, बरं झालं, आणि ड्यूटीला गेली.

तर एक विनंती आहे. डोळे उघडे ठेवायला शिकवता येतं. आधी मऊ चेंडू घ्यायचा, मग जवळून, मग लांबून. कोणाला तरी रोज समोर उभं राहून फेकावं लागतं. मी दर रविवारी येऊ शकतो. तिला घरी चल म्हणणार नाही. विचारून बघ. मी सरळ तिलाच लिहिणार होतो, पण सुरुवात कशी करायची ते सुचेना.

तुझ्या रागावरही माझा हक्क आहे असं समजत आलो, तो काढून घेऊ नकोस.

तुझा धाकटा

ता. ९ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्यानं तुमचं पत्र मला वाचायला दिलं आणि उत्तर तूच लिही म्हणाली. ती म्हणते तिचं डोकं दुखतंय. खरं तर ती बाहेरच्या खोलीत बसून मी काय लिहिते इकडे कान लावून आहे, लिहिण्याचा आवाज येतो असं तिला वाटतं.

आई फोन करते, मी तिच्याशी बोलते, तेव्हा काळजी नको. आमची टीम वाईट आहे हे तुम्ही लिहिलंत ते आम्हाला माहीत आहे. जाड्यानं तुमच्या कॅप्टनला पाडलं ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. तो तेव्हापासून हेच सगळ्यांना सांगतो आहे. तुमच्या पोरांबद्दलही आमचं एक मत आहे. ती गोल मारल्यावर आधी तुमच्याकडे बघतात आणि मग हसायचं की नाही ते ठरवतात. आम्ही गोल न मारता हसतो.

मला खेळता येत नाही हे बरोबर आहे. निवडीच्या दिवशीही मला ते माहीत होतं, मी तरीही आले होते. तुम्हाला तेव्हा असं वाटलं का, की मला माहीत नाही?

एक चूक मात्र दुरुस्त करा. सहाही गोलांना माझे डोळे मिटलेले नव्हते. पाच वेळा मिटले. सहाव्याला मी ते उघडे ठेवले, मुद्दाम, कारण तुम्ही कॅप्टनला खेळा म्हणालात ते मला दिसलं होतं. चेंडू पूर्ण येताना पाहिला. पलीकडे तुम्हीही दिसलात. तुम्ही खाली तुमच्या बुटांकडे बघत होता. त्या वेळी डोळे तुमचे मिटले होते, माझे नाही. आत्या म्हणते हे लिहू नकोस, वडील आहेत. पण सामन्यात काय झालं ते खरं लिहायला हवं ना, न्याय म्हणून.

रविवारी यायचं असेल तर या. मऊ चेंडू तुमचा तुम्ही आणा, आमच्याकडे एकच चेंडू आहे आणि तो मऊ नाही. घरी केव्हा यायचं ते आत्ता विचारू नका. इथे मी टीममध्ये आहे.

आमच्या मैदानावर ओरडायची परवानगी फक्त गोलकीपरला आहे. कोचला नाही, पालकांना नाही, पाहुण्यांना तर नाहीच. तुम्ही समोर उभं राहून चेंडू फेकायचा. मी सुटला म्हणाले तर सुटला, पुन्हा म्हणाले तर पुन्हा. एक शब्द बोलायचा नाही. जमेल का ते कळवा.

आईला माझे नमस्कार. तुमचा लोभ आहे असं आत्या म्हणते, तो रविवारी बघते.

तुमची लवंगी

ता. क. : मैदानावर तुम्हाला सर म्हणायचं की बाबा, ते अजून ठरलेलं नाही. तुम्ही किती वेळ गप्प राहता त्यावर आहे.